सरांचे दहा सेकंद

आमच्या क्लबात सर खोटं बोलायचे आणि ते सगळ्यांना माहीत होतं. रस्त्यावरच्या रिलेत शेवटचा किलोमीटर उरला, की ते घड्याळ घेऊन कडेला उभे राहायचे. त्यांच्यापासून दीडशे-दोनशे पावलं अलीकडचा एक विजेचा खांब ही त्यांची खूण. आपली पोरगी खांबापाशी आली की घड्याळ सुरू, मागची आली की बंद. मग आपली समोरून जाताना ओरडून सांगायचे, मागची किती सेकंदांवर आहे ते. वीस असतील तर दहा सांगायचे. पोरगी घाबरून जीव तोडून पळावी म्हणून. वळून बघायला सक्त मनाई. दोन सीझन झाले की प्रत्येकीला हे कळायचं, मग आम्ही सरांचा आकडा ऐकायचो आणि मनातल्या मनात त्यात दहा मिळवायचो. हे सरांनाही माहीत असणार, पण सवय कोण सोडतंय!

मला मात्र ती सवय डोक्यात जायची. आमच्याकडं तीन पिढ्या कारकुनी, वडील स्वल्पविराम चुकला तरी अर्ज फाडून परत लिहिणारे. तोंडावर खरं बोलणारी म्हणून मी घरीदारी बदनाम होते आणि खरं सांगायचं तर त्याचा मला माज होता. एकदा मी सरांशी भर मैदानात भांडले. "एकदा तरी खरा आकडा सांगा की, सर!" ते हसले. "खऱ्यानं कोण पळतंय, पोरी?"

माझी मैत्रीण या भांडणात कधी पडली नाही. फर्दापूरकडची, शेतकऱ्याघरची, मुकुंदवाडीत आमच्या गल्लीतच खोली घेऊन राहायची. ते दुष्काळाचे दिवस. तिच्या खोलीवर नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं, म्हणून सकाळचा सराव झाला की ती आमच्याकडं यायची. एक बादली, दोघी. आधी ती तोंड धुवायची, मग मी, आणि उरलेलं पाणी दोघींच्या पायांवर. "तुझ्या पायाला लई माती लागती गं, पळती का नांगरती?" असं म्हणून ती मला हसायची.

माती लागायचीच. क्रॉसकंट्रीसाठी आम्ही गावाबाहेरच्या रिकाम्या रानातनं पळायचो. पेरलेलं उगवलंच नव्हतं, त्यामुळं कुणी हाकलत नव्हतं. दर सीझनला मार्ग बदलायचा, कारण मागच्या वर्षी जिथनं पळालो तिथं प्लॉटिंगचे पांढरे दगड रोवलेले असायचे. शेवटी सरळ आटलेल्या तलावात उतरलो. भेगाळलेल्या गाळात पाय मुरगळेल, असं सर रोज सांगायचे. माझाच मुरगळला.

तोही नेमका रिलेच्या आधी. त्या रिलेवर मैत्रिणीचं सगळं ठरायचं होतं. पहिली आलेली टीम स्टेटला जाणार होती, स्टेटचं सर्टिफिकेट मिळालं तर ती खेळाडूंच्या कोट्यातून पोलीस भरतीत उतरणार होती. तिच्या वडिलांनी तेवढा एक सीझन दिला होता. नाही जमलं तर दिवाळीनंतर लग्नाचा बार उडवून टाकायचा, स्थळ बघून झालेलं. ते स्थळ वाईट नव्हतं, पण तिला खाकी वर्दी हवी होती. वर्दीचा विषय निघाला की तिची मान आपोआप ताठ व्हायची.

त्यात सर दवाखान्यात. छातीत दुखत होतं म्हणून दाखल केलेलं. आदल्या संध्याकाळी त्यांनी मैत्रिणीसमोरच ते जुनं घड्याळ माझ्या हातात ठेवलं. "तू पळत नाहीस ना, मग माझ्या जागी उभी राहा. माझ्यासारखंच सांग."

मी मान डोलावली. मनात मात्र म्हणाले, आता सापडलात, सर.

रिले चितेगावहून सुटली. चौघींचे चार टप्पे, मैत्रीण शेवटची. पैठण रोडवर टँकरची रांग, कडेला पाइपलाइनसाठी खणलेलं, नुसता धुरळा. मी बँडेज बांधून माझ्या जागी उभी. ती खांबापाशी पहिली दिसली. घड्याळ दाबलं. दुसऱ्या क्लबची पोरगी खांबापाशी आली, पुन्हा दाबलं. बारा सेकंद.

सर असते तर "दोन!" म्हणून ओरडले असते. मी छाती भरून खरं ओरडले, "बारा! बारा सेकंद!"

तिनं ऐकलं. अंगठा वर केला. आणि सवयीनं बारात दहा मिळवले.

बावीस सेकंद म्हणजे निवांत. अंतर पुरेसं असलं तर अंग राखून पळा, पुढं स्टेट आहे, हेही सरांनीच शिकवलेलं. तिनं वेग कमी केला. मला लांबून तिचे खांदे सैल झालेले दिसले. मी लंगडत मागं धावले, बोंबलत सुटले, पण टँकरचे हॉर्न चालू होते. वळून तर ती बघणारच नव्हती. शेवटच्या वळणावर दुसरी तिच्या बाजूनं निघून गेली. दोन हातांच्या अंतरानं हरलो.

संध्याकाळी दोघी दवाखान्यात गेलो. सरांनी मला विचारलं, "किती सांगितलंस?"

"बारा."

"म्हणजे बावीस होते."

तेव्हा नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. एवढी खरं बोलणारी मी, आणि "हो," म्हणाले.

सरांनी डोळे मिटले. "बावीस सेकंद, एका किलोमीटरात. मग पोरीत शेवटचा दमच नाही." ती पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिनं मान खाली घातली आणि ते पटवून घेतलं.

दिवाळीनंतर बार उडाला. मी लग्नात जेवले, आहेर केला, तिला मिठी मारून रडले, पण बोलले नाही. त्याच हिवाळ्यात सर गेले. मग तर कुणाला सांगायचं, असं मी स्वतःला समजावलं. आटलेल्या तलावाच्या कडेला कॉलनी झाली, शाळा झाली, माझं घर झालं. भित्री, नालायक बाई मी. दर वर्षी ठरवायचे, दर वर्षी पुढं ढकलायचे.

मागच्या पावसाळ्यात तिच्या सासरी गेले. नवऱ्याचं हॉटेल आहे, ती मागं बसून मेथी निवडत होती. तिची लेक शाळेतून तालुक्याच्या धावण्याच्या स्पर्धेसाठी निवडली गेलेली, आणि ही पाठवायला तयार नव्हती.

"आपल्यात शेवटचा दम नसतो, बाई," ती लेकीला हसत सांगत होती. "विचार मावशीला. बावीस सेकंद घालवले तुझ्या आईनं. सोपं हाय का तेवढे घालवणं?"

लेक माझ्याकडं बघायला लागली. माझ्याच्यानं आणखी राहवेना.

"बाराच होते," मी म्हणाले.

"आँ?"

"मी दहा कमी केले नव्हते. खरे सांगितले होते. दवाखान्यात खोटं बोलले."

तिचे हात थांबले. ओठ हलले, ती मोजत होती.

"म्हंजे मी मुद्दाम हळू झाले, तेवढंच," ती म्हणाली. "पळायचं असतं तर पळाले असते."

"हो."

"दम व्हता."

"होता गं."

मी रडत होते, ती नाही. तिनं हातातली काडी खाली ठेवली.

"सर गेले ना," ती म्हणाली, "तवा मी त्यांच्या पायावर डोकं ठेवून माफी मागितली व्हती. तू बाजूलाच उभी व्हतीस."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो सावकाश काढून घेतला आणि लेकीला म्हणाली, "जा, तुझे बूट आण. पाहू दे मला, कसले हायेत ते."