मिस लोरेटाकडे प्रस्तावना चालत नाही

लिहिणारी माणसं एका खोलीत बसली की लिखाण थोडं होतं आणि किस्से फार. लिखाण घरी जाऊन फाडून टाकता येतं, किस्सा फाडता येत नाही. तो दुसऱ्या दिवशी कुणीतरी कुणाला तरी सांगतोच. आमच्या मंडळींचे तर इतके साठलेत की भेटलो की आधी जुने किस्से होतात आणि वेळ उरला तर साहित्य.

मंडळी म्हणजे कोण ते सांगतो. डब्लिनच्या पश्चिमेला ओंगारमध्ये आम्ही राहतो. आमच्या शेजारी मिस लोरेटा. मूळची अमेरिकेतल्या अलाबामाची, आफ्रिकन-अमेरिकन. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं आणि रिटायर झाल्यावर आयरिश नवऱ्याबरोबर त्याच्या देशात आली. इथे तिला तिच्यासारखेच काही कृष्णवर्णीय अमेरिकन सापडले, घर सोडून आलेले आणि चोरून लिहिणारे. तिने त्यांना गोळा केलं. एक शनिवार सोडून एक शनिवार, दुपारी, लायब्ररीच्या वरच्या खोलीत जमायचं आणि आपलं लिखाण उभं राहून मोठ्याने वाचायचं. तिला सगळे 'मिस लोरेटा' म्हणतात. भांडण झालं की तिचा नवराही.

त्या मंडळात वर्धेचा, लिक्सलिपला कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात नोकरी करणारा मी कसा शिरलो, तर बायकोमुळे. मी मराठीत गोष्टी लिहितो आणि मंजिरीला वाचून दाखवतो. एक दिवस मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होतो, तेव्हा कुंपणापलीकडून मंजिरीचं बोलणं कानावर आलं.

"याला तुमच्यात घ्या ना. मी एकटीने किती ऐकायचं?"

"चांगलं लिहितो का?" मिस लोरेटाने विचारलं.

मंजिरी जरा थांबली. मग म्हणाली, "वेळेवर येतो."

*

पहिल्याच शनिवारी माझा निकाल लागला. मी गोष्टीचं इंग्रजी करून नेलं होतं. उभा राहिलो, घसा साफ केला आणि आपल्याकडच्या पद्धतीने सुरुवात केली. म्हटलं, मी काही मोठा लेखक नाही, हा एक छोटासा प्रयत्न आहे, मूळ मराठीतली गंमत इंग्रजीत येणार नाही, कामाच्या गडबडीत नीट तपासायलाही वेळ झाला नाही, तरी आपण गोड मानून घ्यावं.

"झालं?" मिस लोरेटा म्हणाली.

"नाही, आता गोष्ट सुरू करतो."

"गरज नाही. ती वाईट आहे हे तू इतकं पटवून दिलंस की आता ऐकायची इच्छा राहिली नाही. बस खाली. पुढचा."

मी बसलो. शेजारी कर्टिस होता. हा उंचच उंच माणूस डेट्रॉइटचा, म्हणजे अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांच्या गावचा. डंडॉकच्या कॉलेजात शिकवतो आणि तिथून ट्रेनने येतो. माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस. मी पहिल्यांदा आलो तेव्हा म्हणालो होतो, आई आजारी आहे म्हणून कविता अर्धवट राहिली. त्यावर ही म्हणाली, मग इथे काय करतोयस? आईला फोन कर जा."

"मग?"

"मग काय, केला फोन. आई ठणठणीत होती. तिनेही झापलं."

*

या लोकांची ऐकायची पद्धत वेगळी आहे. आपल्याकडे कविसंमेलनात श्रोते मोबाइल बघत गप्प बसतात आणि शेवटी 'छान' म्हणतात. इथे वाचणारा वाचत असतो आणि ऐकणारे मधे मधे बोलत असतात. "हं." "सांग, सांग." "दमानं घे." कुणी नुसतंच मांडीवर थाप मारतं. वाचणाऱ्याला त्याने जोर येतो.

आता आपण मागे राहून कसं चालेल? डेनिस नावाची एक नर्स आहे आमच्यात. ती आजोबांवर लिहिलेलं वाचत होती. शब्द असे एकापुढे एक चालत येत होते की मी पार विरघळलो. एका वाक्याला तर मला राहवलंच नाही. "क्या बात है! वाहवा!" असं मी चांगलं खणखणीत ओरडलो.

डेनिसने कागद खाली केला. "हा काय म्हणाला?"

मी अर्थ सांगितला. की आम्ही फार आनंद झाला की असं म्हणतो.

"आजोबा वारले त्या वाक्यात," डेनिस म्हणाली.

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. शेवटी मिस लोरेटाच म्हणाली, "वाक्य खरंच चांगलं होतं. आजोबांना चालेल. वाच पुढे."

*

मग एका सांस्कृतिक महोत्सवाच्या बाई आल्या. गोड बाई. दर वाक्याला 'ग्रँड' म्हणायच्या. आमच्या मंडळाला त्यांनी स्टेजवर बोलावलं, आणि पोस्टर छापून आलं तेव्हा त्यावर लिहिलं होतं 'आफ्रिकेचे सूर'. मागे एक सूर्य आणि एक हत्ती.

कर्टिसने पोस्टर बराच वेळ बघितलं. बाईंनी त्याला विचारलं, "येताना तुमचा ड्रम आणाल का? वातावरणनिर्मिती होईल."

"मी डेट्रॉइटचा आहे," कर्टिस शांतपणे म्हणाला. "तिथून काही आणायचं तर मोटारीचं इंजिन आणावं लागेल."

"ग्रँड," बाई म्हणाल्या आणि आशेने माझ्याकडे वळल्या. "तुमच्याकडे ती छोटी छोटी असतात ना, दोन?"

मी म्हटलं, मला तबला येत नाही. बाई खरोखर खट्टू झाल्या. एवढे दोघं सावळे समोर असून एकालाही वाजवता येऊ नये, हे त्यांच्या मनाला पटेना.

कार्यक्रमात बाईंनी कर्टिसची ओळख 'सूर्याच्या देशातला कवी' अशी करून दिली. कर्टिसने माइक उंच करून घेतला आणि फुटपाथवरचा बर्फ फावड्याने काढण्यावरची कविता वाचली. चांगली लांबलचक. हत्ती मागे होताच.

*

एकदा इथलेच एक कादंबरीकार पाहुणे म्हणून आले. वाचन ऐकलं, डोळे पुसले आणि म्हणाले, "तुमचं दुःख आम्हा आयरिश लोकांइतकं कुणाला कळणार? आमच्यावरही इंग्रजांनी राज्य केलं."

मलाही स्फुरण चढलं. मी हात वर करून म्हटलं, "आमच्यावरही!"

कादंबरीकारांनी माझ्याकडे बंधुभावाने पाहिलं. आम्ही दोघं मग दुष्काळावर घसरलो. त्यांचा मोठा की आमचा, यावर जरा चढाओढही झाली. डेनिस घड्याळाकडे बघत होती. तिला हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर जायचं होतं, आणि वाचायची पाळी तिचीच होती.

मिस लोरेटाने आमचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "उत्तम. आता ज्यांचं दुःख सांगून झालंय त्यांनी बाहेरून चार खुर्च्या आणा. डेनिस, तू वाच."

आम्ही दोघांनी खुर्च्या आणल्या.

*

खरा पराक्रम मी पुढे केला. ओंगारमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या साहित्यसंध्येला मी मिस लोरेटाला पाहुणी म्हणून घेऊन गेलो. शाळेचा हॉल, समोसे, पैठण्या. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. मागे बायकांची कुजबुज सुरू होती.

जरा वेळाने मिस लोरेटाने विचारलं, "आत आल्यापासून एक शब्द सारखा ऐकतेय. 'काळी' म्हणजे काय?"

मी म्हटलं, "आमच्याकडे एक देवी आहे त्या नावाची. फार शक्तिशाली."

तिने मागे वळून पाहिलं. बायका तोंडभर हसल्या. एकीने हातसुद्धा हलवला. मिस लोरेटाही हसली आणि पुन्हा माझ्याकडे वळली.

"देवीचं नाव घेताना तुमच्यात आवाज खाली करतात का?"

तेवढ्यात अध्यक्ष कवितेला उभे राहिले म्हणून मी वाचलो. अध्यक्ष म्हणजे डॉक्टर निमकर, पुण्यात शिकलेले, इथल्या हॉस्पिटलमध्ये बड्या हुद्द्यावर. त्यांची 'मायभू' नावाची कविता आहे. मी मिस लोरेटाच्या कानात भाषांतर करत होतो. मी परमुलखात बंदिवान आहे. माय मला हाक मारते आहे. पण माझे पाय साखळदंडांनी जखडलेत. शेवटच्या कडव्यात डॉक्टरांचा आवाज दाटला. टाळ्या झाल्या.

"मॅडमना कशी वाटली विचार ना," डॉक्टर मला म्हणाले.

मॅडमनी स्वतःच विचारलं, "साखळदंड कुणी घातले?"

"ते प्रतीक आहे," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे घराचं मॉर्गेज. मुलांच्या शाळा."

"अरेरे. मग आईकडे जाताच येत नाही?"

पहिल्या रांगेतून निमकरवहिनी मदतीला धावल्या. "जातो की. दर डिसेंबरला जातो. यंदा तर बिझनेस क्लासने गेलो."

मिस लोरेटाने मान डोलावली. "आमच्या घराण्यातही साखळदंडांच्या गोष्टी आहेत," ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. "पण त्यात डिसेंबर येत नाही."

पुढच्या कार्यक्रमात डॉक्टरांनी तीच कविता पुन्हा वाचली. साखळदंडांच्या जागी रेशीमबंध घातले होते.

*

आता शेवटचा सांगतो. हा मी फारसा कुणाला सांगत नाही, कारण ऐकून लोक माझ्याकडेच संशयाने बघतात.

बाबा गेल्यानंतर आई वर्धेहून आमच्याकडे राहायला आली. तिला इंग्रजीचं अक्षर येत नाही. बाबांबद्दल ती काही बोलायची नाही, आणि तिला त्रास होईल म्हणून आम्हीही विषय काढायचो नाही. माझी लेक शाळेतून आली की आजीच्या मराठीला तिच्या आयरिश इंग्रजीत उत्तर द्यायची, मग दोघी हसायच्या. बाकी आई दिवसभर खिडकीत बसून रस्त्याकडे बघायची. एका शनिवारी मला शिफ्ट होती, मंजिरीला काम होतं. मिस लोरेटा म्हणाली, मी नेते तिला लायब्ररीत. खोली उबदार आहे, चहा मिळतो.

संध्याकाळी घरी आलो तर कळलं की आई तिथे बोलली. सगळ्यांचं वाचून झाल्यावर मिस लोरेटाने तिच्याकडे बघून नुसता हात पुढे केला, आणि ही सुरू झाली. कुणालाही बसून बोलू न देणाऱ्या मिस लोरेटाने तिला बसून बोलू दिलं. पुष्कळ वेळ बोलत होती म्हणे. मधे मधे ते सगळे आपले "हं, हं" करत होते.

मी आईला विचारलं, "काय बोललीस?"

"काई नाई. आपलं इकडलं तिकडलं."

मिस लोरेटाला विचारलं. ती म्हणाली, "आई तुझी आहे. तिला विचार."

त्याच्या पुढच्या वेळी मी लायब्ररीतल्या मंडळात गेलो. जिन्यात कर्टिस भेटला. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुझ्या वडिलांचं कळलं. फार वाईट वाटलं."

मंडळात मी बाबांचा विषय कधी काढला नव्हता. मला वाटलं, मंजिरी बोलली असेल. मी थँक्यू म्हणालो.

"शेवटच्या दिवशी तुझ्या आईनेच त्यांची दाढी केली ना," कर्टिस म्हणाला. "हनुवटीला कापलं जरा. ते तिच्या मनाला लागून राहिलंय."

हे मंजिरीला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

"तुला कुणी सांगितलं?"

"तिने."

"कुठल्या भाषेत?"

कर्टिसने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच वेड्यासारखं विचारतोय. "तिच्या," तो म्हणाला आणि वर निघून गेला.

मी वाचन सोडून घरी आलो. आई ओट्यापाशी मेथी निवडत होती. म्हटलं, "आई, बाबांची शेवटची दाढी तू केली होतीस?"

तिने मान वर केली नाही. एक जुडी संपवली, दुसरी घेतली.

"लागलं व्हतं त्यायले जरासं," ती म्हणाली. "पन तो कर्टिस म्हनला, एवढं चालते."