बैलासाठी मांडव

आमचे बाबा गुरांचे डॉक्टर. सरकारी नोकरी संपली, पण हात स्वस्थ बसेनात. लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप त्यांनी भिसेगावच्या अंगणात आणून उभी केली आणि जाहीर केलं, की आता वाड्यावाड्यांवर जाऊन गुरं तपासणार. डोंगराच्या पायथ्याला सावलीचं झाड मिळेलच असं नाही. उन्हात बैल वैतागतो, औषधं तापतात. तेव्हा जीपच्या कडेला गुंडाळून ठेवता येईल आणि पोचल्यावर उघडता येईल असं एक कापडी छप्पर हवं. एका बैलापुरतं, लांबीला सहा फूट.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची. आई जाऊन चार वर्षं झाली होती, घरात आम्ही दोघंच. त्याच सुमाराला चौक गावची मंडळी मला बघून गेली होती. मुलगा शाळेत शिक्षक. त्याच्या आईनं मला स्वयंपाकाचं विचारलं, बाबांनी तिला चौकच्या गुरांतल्या लाळ्या-खुरकुताचं विचारलं, आणि हसू दाबता दाबता मुलानं चहा सांडला, स्वतःच्याच सदऱ्यावर. मला तो तिथंच आवडला. अगदी मनापासून आवडला, आता लपवायचं काय त्यात. जाताना त्याची आई म्हणाली, "पत्रानं कळवतो." मग मी पोस्टमनच्या सायकलची घंटा ऐकत दिवस काढू लागले आणि बाबा जीप मोजू लागले.

कर्जतच्या शिंप्यांनी हात वर केले. इतकं जाड कापड त्यांच्या मशीनखाली जाईना. दाभणानं तंबूचं कापड शिवणारा गावात एकच, लग्नाचे मांडव घालणारा. बाबांनी त्याला चित्र काढून दाखवलं: जीपच्या हुडाला एक लोखंडी नळी, कापडाची एक कड तिच्यावर, दुसरी कड दोन बांबूंवर, बांबूंना दोऱ्या, दोऱ्यांना जमिनीत मेखा. त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला.

"म्हंजे मांडव," तो म्हणाला.

"मांडव नाही. छप्पर."

"डोक्यावर कापड, खाली बांबू. याला आमी मांडवच म्हंतो, डाक्टर."

बाबांनी वाद घातला नाही, ही पहिली चूक. दुसरी मोजमापाची. बाबा सहा म्हणाले ते फूट आणि त्यानं ऐकले ते हात, कारण त्याच्या धंद्यात फूट नावाची वस्तूच नव्हती. कापड शिवून आलं ते नऊ फूट लांब आणि कडेनं वीतभर लाल झालर लावलेलं.

"ही झालर कशाला?" बाबांनी विचारलं.

"बिनझालरीचा मांडव तेराव्याला घालत्यात. तुमचं शुभकार्य हाय."

"खुरकूत म्हणजे शुभकार्य?"

त्यानं झालर झटकून सरळ केली. कापड चढवायच्या सकाळी मात्र तो अडूनच बसला. मुहूर्तमेढ रोवल्याबिगर त्यानं आजवर एकही मांडव उभा केला नव्हता आणि म्हातारपणी पाप करायची त्याची तयारी नव्हती. बायकोला तो हळदकुंकवासकट बरोबरच घेऊन आला होता. बाबा म्हणाले, मेढ जमिनीत रोवली तर गाडी हलणार कशी? त्यानं बराच विचार केला. शेवटी आंब्याचे टहाळे बांधलेली मेढ जीपच्या पुढच्या बंपरला उभी बांधली, बायकोनं तिला हळदकुंकू वाहिलं आणि जरा बिचकत बॉनेटलाही लावलं.

कापड उघडलं तर आमचं अंगण संपून शेजाऱ्यांच्या पायऱ्यांवर सावली पडली. भिसेगावानं बघितलं: लग्नाच्या वयाची मुलगी, दारात मेढ, लाल झालरीचा मांडव.

बाबांना रस्त्यात विचारणारे विचारू लागले, आणि बाबा म्हणजे विचारलं तेवढ्याचंच उत्तर देणारा माणूस.

"काय डॉक्टर, मांडव घातलात?"

"घातला. जरा मोठाच झाला."

"कधीचं धरलंय?"

"सोमवारपासून सुरू."

"कुठल्या बाजूला?"

"आधी ठाकुरवाडीकडे."

"माणसं किती येतील?"

"माणसं कसली? जनावरंच."

हे शेवटचं उत्तर गावभर झालं. डॉक्टरांचं व्याह्यांशी आत्तापासूनच फाटलंय, असा त्याचा अर्थ निघाला. मला केळवणाची तीन आमंत्रणं आली. कासारीण हिरव्या बांगड्या घेऊन पायरीवर येऊन बसली. मी कळवळून सांगत होते, की अहो, लग्न नाही, बैलांसाठी आहे. त्या एकमेकींकडे बघून म्हणत, "लाजते गं." मी बाबांना म्हटलं, लोकांना नीट सांगा ना. ते म्हणाले, "मी कुठं खोटं बोललो?" आणि ते खरंच होतं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथं लग्नाचा पत्ता नव्हता आणि विघ्नं मात्र वेळेवर हजर झाली होती.

चौकचं पत्र काही येईना. आठवड्यानं चौकहून पत्राऐवजी मुलाची आईच आली.

तेव्हा मांडवाखाली बाबांचा रोगी होता, शेजारच्या आळीतला एक बैल. खुरात काटा गेलेला. झालर त्याच्या शिंगांत अडकून कपाळावर उतरली होती आणि हुबेहूब बाशिंग बांधल्यासारखी दिसत होती. त्या बाईंनी बैलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पण त्या खुशीत होत्या. त्यांनी मला कुंकू लावलं आणि हातात खण-नारळ दिला.

"बरं झालं बाई, तुझं कुठं अडलं नाही. आम्हाला फार चुटपुट लागली होती."

"कसली चुटपुट, काकू?"

"कळवायला उशीर केला त्याची."

"माझं लग्न ठरलेलं नाही," मी म्हणाले. "हे छप्पर आहे. बैलांसाठी."

त्या हसल्या. मग बैलाच्या खुराशी वाकलेले बाबा त्यांना दिसले, औषधाच्या बाटल्या दिसल्या, आणि त्या पायरीवर बसल्याच.

"अगं, होकाराचं पत्र लिहून ठेवलं होतं त्यानं. टाकायला निघाला, तेवढ्यात भाजीवाली सांगत आली, भिसेगावात डॉक्टरांच्या दारी मांडव लागला म्हणून. पत्र फाडून टाकलं त्यानं. दोन दिवस धड जेवला नाही. मग मीच मागं लागले, आणि परवा खालापूरच्या मुलीशी त्याची सुपारी फुटली."

मी काय बोलले ते आठवत नाही. बहुधा चहाचं विचारलं. त्या न घेताच गेल्या.

बाबांनी सगळं ऐकलं होतं. पट्टी पुरी बांधून त्यांनी बैल त्याच्या मालकाच्या ताब्यात दिला, हात धुतले आणि पायरीपाशी आले.

"तो मुलगा तुला पसंत होता का?"

इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मला त्यांचा असा राग आला, की हातातला नारळ फेकून मारावासा वाटला.

"होता," मी म्हणाले.

ते तडक जीपमध्ये जाऊन बसले. मेखा उपटल्या नव्हत्या, बांबू उभेच होते, छप्पर पसरलेलं होतं. मी ओरडले, "बाबा, अहो, सुपारी फुटलीय!" पण गाडी सुरू झाली होती. एक बांबू मोडला, दुसरा आडवा झाला, आणि नऊ फूट कापड झालरीसकट रस्त्यावरून फरफटत चौकच्या दिशेनं गेलं.

ते दिवेलागणीला परतले. कापडाची लक्तरं झाली होती. तिथं ते कुणापुढं काय बोलले, ते त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही; खालापूरची सुपारी काही मोडली नाही, एवढंच कळलं. चपला काढून ते माझ्याशेजारी पायरीवर बसले.

"मुलगा चांगला आहे गं," ते म्हणाले.