केडगावची विहीर

लढाईच्या दिवसांत भिंगारच्या बाजारात लिंबाखाली एक न्हावी बसायचा. पहिल्याच दिवशी माझ्या कानामागे बोट टेकवून तो म्हणाला, "मास्तर, ह्यो वण! ल्हानपणी केडगावच्या हिरीत पडला हुता तुमी."

मला काही आठवेना. विचारायला आई उरली नव्हती. आठवडाभर कान चाचपत राहिलो, मग केडगावला जाऊन विहीर पाहिली. हळूहळू ते हिरवं पाणी मला आठवूही लागलं.

पुढच्या खेपेला एका शिपायाच्या कानामागे बोट टेकवून तो तीच विहीर सांगत होता. मी भडकलो. वस्तरा चामड्यावर घासत तो शांतपणे म्हणाला, "सोताची गोष्ट आईकताना मानूस मान हलवत न्हाई, मास्तर. आजवर एकालाबी वस्तरा लागला न्हाई."

तरी अजून त्या विहिरीत डोकावलो, की माझ्या नाकात पाणी जातं.