झेंडूचा ढीग आणि केबलची दोन टोकं

दसऱ्याच्या सकाळी पुण्यात कुठेही जायचं नाही, हा माझा नियम. पण समोरच्या फ्लॅटमधल्या सुलभाकाकूंचा फोन आला. मार्केट यार्डात त्यांचा फुलांचा गाळा आहे. "अगं, काटा, बिलं, सगळं ठप्प! तू नेटवर्कचंच काम करतेस ना? झेंडू आज विकला तर विकला. उद्या कोण विचारतंय?" नियम गुंडाळून निघाले.

वारज्याहून जायचं तर कर्वेनगर, राजाराम पूल, दांडेकर पुलावरून स्वारगेट. एरवी सोपा रस्ता. दसऱ्याला मात्र स्वारगेटच्या पुढे गाडी नेऊ नका. मी नेली आणि टेम्पोंच्या मधे अडकून पडले. शेवटी गाडी लांब लावून चालत गेले. यार्डाबाहेर पोहे स्वस्त आणि गरम मिळतात, पण मला थांबायला सवड नव्हती.

गाळ्यात झेंडूचा ढीग, समोर गिऱ्हाइकांची रांग आणि हाताने पावत्या खरडणारे दिवाणजी. लोक वैतागून शेजारच्या गाळ्याकडे सरकत होते. फळीवरच्या स्विचकडे, म्हणजे काटा आणि संगणक एकमेकांना जोडणाऱ्या डबीकडे, पाहिलं आणि मी हबकलेच. त्याला हळदकुंकू, वर हार, आणि सगळे दिवे एकदम लुकलुकत होते.

"काल खंडेनवमीची पूजा केली," दिवाणजी म्हणाले. "वायरी काढल्या, पुसल्या, परत लावल्या. एक टोक लोंबत होतं. पूजेच्या वस्तूला बरं दिसत नाही, म्हणून तेही खोचलं."

म्हणजे एकाच केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये! आतली माहिती गोल गोल फिरत राहिली, बाकीच्यांना वाटच उरली नाही. मी ते टोक उपसलं आणि काटा चालू झाला.

पण असा वेढा पडला की स्विचमधल्या स्पॅनिंग ट्री या सोयीने तो आपणहून तोडायला हवा. सेटिंग उघडली तर ते सगळ्या पोर्टवर, म्हणजे वायर खोचायच्या प्रत्येक खाचेवर, बंद! माझा विश्वासच बसेना.

"हे कुणी बंद केलं?"

"मीच करायला लावलं त्या टेक्निशियनला," काकू म्हणाल्या. "सकाळी संगणक लागायला अर्धं मिनिट जायचं. गिऱ्हाईक उभं असतं गं."

अहो, पण त्यासाठी अख्खं बंद? स्पॅनिंग ट्री प्रत्येक वायर आधी तपासतं, त्यात तेवढा वेळ जातो; संगणकांच्या पोर्टना ती वाट बघणं वगळणारं पोर्टफास्ट नुसतं दिलं असतं तरी ते लगेच लागले असते. मी स्पॅनिंग ट्री सुरू केलं, पोर्टफास्ट दिलं, सोबत वेढा पडताच तेवढंच पोर्ट बंद करणारा बीपीडीयू गार्ड लावला. गर्दी ओसरल्यावर मुद्दाम ती केबल पुन्हा खोचून पाहिली. तिचेच पोर्ट तेवढे बंद पडले, बिलं छापली जात राहिली.

गेलेली गिऱ्हाइकं मात्र परतली नाहीत. दुपारीही अर्धा ढीग तसाच होता.

"दिवाणजी, पुढच्या वर्षी माझी पूजा करा, वायरी सोडा," काकू म्हणाल्या. मग मला हळूच विचारलं, "ही सेटिंग आधी असती तर?"

"तर आज काहीच झालं नसतं, काकू. कळलंसुद्धा नसतं."

काकूंनी ढिगातला झेंडू माझ्यासाठी एका पिशवीत भरायला घेतला.

घरी आले ते त्यांनी दिलेली झेंडूची पिशवी घेऊन. तोरण ओवायला बसले, पण हात चालेना. ऑफिसात असं झालं की मेल अडकतात आणि आम्ही चहाला जातो. इथे एका बाईचा वर्षाचा धंदा डोळ्यांदेखत कोमेजला. काकूंच्या त्या प्रश्नावर मी नुसतं 'काय माहीत' म्हणाले असते, तर नशिबाला बोल लावून त्या आज झोपल्या तरी असत्या.