बटणावरची टिकली

माधवनगरचा नागसेन भंगारातले जुने, खटखट वाजणारे कीबोर्ड आणून दुरुस्त करतो. त्याची बायको दीपमाला साखर कारखान्याच्या ऑफिसात टायपिंग करायची. बोट चुकू नये म्हणून तिनं एका बटणावर टिकली चिकटवली होती. कुठल्या, असं विचारलं की म्हणायची, "तुमाला कशाला पायजे?" ती वारल्यापासून सहा वर्षं तो तोच कीबोर्ड शोधत होता.

परवा कारखान्याचं भंगार आलं. मेल्या सवयीनं त्यानं आधी एका कीबोर्डाची मळानं काळी पडलेली बटणं उपटून साबणाच्या पाण्यात टाकली, मग सांगाडा उलटा केला. मागं स्केचपेननं तिचं नाव होतं. तो टबाकडं धावला, तोवर टिकली फेसावर तरंगत होती आणि सगळी बटणं सारखीच स्वच्छ झाली होती.