न्हावा शेव्याचा नवरा

जुन्या पनवेलमधल्या आमच्या संस्थेत दर गुरुवारी दुपारी खोली मागायचा वर्ग असायचा. आम्ही आठ जणी, सगळ्या विशी-बाविशीच्या, प्रत्येकीच्या कडेवर एकेक लेकरू आणि कुणाच्याच मागे घर नाही. अशा मुलींना दोन वर्षं ठेवून घ्यायचं, स्वयंपाकापासून बँकेच्या फॉर्मपर्यंत सगळं शिकवायचं आणि मग भाड्याच्या खोलीत आपलं आपण राहायला पाठवायचं, हे संस्थेचं काम. वर्ग घेणाऱ्या ताई पदर खोचून घरमालकीण व्हायच्या, खुर्चीत ऐसपैस बसायच्या आणि नवरा कुठे आहे असं दरडावून विचारायच्या. आम्ही चार वाक्यांत उत्तर द्यायचं. मी एकटी आहे. मी आणि माझी मुलगी राहणार. मी कामाला जाते. भाडं वेळेवर देईन. पाचवं वाक्य बोलायचं नाही, कारण खोटं तिथून सुरू होतं, असं ताई म्हणायच्या.

त्या वर्गात माझा पहिला नंबर. बाकीच्या अडखळायच्या, एक तर दर गुरुवारी न चुकता रडायची. मी ताईंच्या डोळ्याला डोळा भिडवून घडाघडा बोलायचे आणि वर त्या रडणारीला चिडवायचे. मुलीच्या बापाने फोन नंबर बदलला, घरच्यांनी दार लावून घेतलं, सातव्या महिन्यात मी एसटी स्टँडच्या बाकावर दिवस काढले. त्यापुढे एक घरमालकीण म्हणजे किस झाड की पत्ती, असं मला वाटायचं.

दोन वर्षं भरत आली तशी मी खऱ्याखुऱ्या खोल्या बघायला लागले. पाच ठिकाणी ती चार वाक्यं बोलले. एका बाईने दुसऱ्या वाक्यालाच दार लावलं. एका गृहस्थांनी खोली फक्त फॅमिलीला देतो म्हणून सांगितलं. माझ्या कडेवर मुलगी होती ती त्यांना भाजीची पिशवी वाटली असावी. इकडे माझ्या खाटेवर यायला पुढची मुलगी थांबली होती, तिचे दिवस भरत आले होते. महिन्याभरात खोली मिळाली नाही तर मी बायकांच्या होस्टेलात आणि माझी मुलगी बालगृहात, असं कागदावर ठरलं होतं. त्या महिन्यात मला अन्न गोड लागलं नाही.

सहावी खोली शिरढोणच्या वाटेवरच्या एका गावात होती. शेती सरकारी प्रकल्पात गेल्यावर मिळालेल्या पैशातून मालकीणकाकींनी घराला लागून सहा खोल्या बांधल्या होत्या. ओटीवर वाल सोलत बसलेल्या काकींनी मला खालीवर बघितलं आणि विचारलं, "नवरा कुठं हाय तुजा?"

चारही वाक्यं अगदी ओठांवर होती. बाहेर आलं ते भलतंच.

"न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो."

माझी अक्कल बघा. खोटंच बोलायचं तर दुबई म्हणावं, कुवेत म्हणावं. न्हावा शेवा बंदर तिथून तासाभरावर, अर्धं गाव तिथे कामाला आणि काकींचा थोरलाही तिथेच. तो ओळखत असेल, गेट कुठलं, असं काकी लगेच विचारायला लागल्या. मग मी त्या बिचाऱ्या नवऱ्याला घाईघाईने दिल्लीकडे पाठवून दिलं आणि महिनोन्महिने येत नाही म्हणाले. पाचवं, सहावं, सातवं वाक्य. काकींनी किल्ली दिली.

पनवेलच्या बाजारात एक खोटं मंगळसूत्र घेतलं. मुलीला बाबा ट्रेलरवर असं बोलायला शिकवलं. दोन वर्षांचं पोर, ते ट्रेलर बघितला की हात हलवायला लागलं, आणि त्या रस्त्याला ट्रेलरशिवाय दुसरं असतं काय? तिचा तो हलणारा हात बघून मला माझीच चीड यायची.

मसाल्याच्या कारखान्यात मी पाकिटं भरायचे. सुटल्यावर पाळणाघरातून मुलीला घ्यायचं, दार लावायचं आणि गप्प बसायचं. संस्थेत मी भांडत होते, कुकर कोणी लावला, साबण कोणी संपवला, पण घर भरलेलं होतं. इथे दोन्ही बाजूंना बायका बोलत असायच्या आणि मी तोंड उघडायला घाबरायचे, कारण नवऱ्याचा विषय कुठूनही निघतो. जुन्या मैत्रिणींना बोलवायची सोय नव्हती. एकीच्या तोंडून काही निसटलं तर खोली गेली. जिथे खरं ठाऊक होतं तिथे राहायची मुदत संपली होती, आणि जिथे राहत होते तिथे मला कोणी ओळखत नव्हतं. इतकं एकटं मला एसटी स्टँडच्या बाकावरही वाटलं नव्हतं.

संस्थेच्या नियमाप्रमाणे ताई महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भेटायला यायच्या. खोलीवर येऊ नका म्हणून मी त्यांना रिक्षा स्टँडवरच थांबवायचे. बाळंतपणात माझा हात धरून उभी राहिलेली बाई, तिला मी रस्त्याकडेला उभ्याउभ्या भेटायचे. त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी डबा हातात दिला आणि फक्त एवढंच विचारलं, "तिथे मी कोण म्हणून येऊ?" मी मागच्या महिन्याचा रिकामा डबा त्यांना परत केला. त्या आल्या तशा परत गेल्या.

संक्रांतीनंतर काकींकडे हळदीकुंकू होतं. मला मुद्दाम बोलावलं. मुलीच्या वेळी ना डोहाळजेवण झालं होतं, ना कोणी ओटी भरली होती, त्यामुळे खोटं मंगळसूत्र का होईना, मी हरखून गेले. चांगली साडी नेसले. बायका उखाणे घेणार हे माहीत होतं म्हणून कारखान्यात पाकिटं भरता भरता एक जुळवूनही ठेवला होता. माझी पाळी आली आणि मी ठसक्यात सुरुवात केली, "तिळाच्या लाडवात गूळ घातला किसून..."

पुढची ओळही तयार होती. अमुकरावांचं नाव घेते तुमच्यात बसून. पण अमुकराव कोण? नवऱ्याला नोकरी दिली, ट्रेलर दिला, दिल्लीचा रस्ता दिला, नाव द्यायचं राहूनच गेलं होतं. कुठलंही नाव चाललं असतं. पण सगळ्या बायका कौतुकाने माझ्याकडे बघत होत्या, मुलगी माझा पदर धरून तोंडाकडे बघत होती, आणि आता नाव घेतलं की तिचा बाप म्हणून ते तिला जन्मभर चिकटेल, हे मला लख्ख दिसलं.

मी म्हणाले, "काकी, नवरा नाही. मी एकटी आहे. मी आणि माझी मुलगी राहतो. मी कामाला जाते."

कुंकवाचा करंडा माझ्यापाशी आला होता, तो तसाच पुढच्या बाईकडे गेला. मुलीच्या हातात कोणीतरी तिळगूळ ठेवला. मी तिला उचलून खोलीवर आणलं आणि सामान बांधायला घेतलं.

सकाळी काकी दारात आल्या. खोटं का बोललीस म्हणून विचारलं. पाच दारं बंद झाली म्हणून, असं मी सांगितलं. त्यांनी बांधलेल्या बोचक्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "खरं सांगितलं असतंस तर मी पन नायच बोलले असते." आणि जाताना, "आता आलीच हायस तर ऱ्हा."

मी राहिले. हळदीकुंकवाचं बोलावणं मात्र पुन्हा आलं नाही. शेजारणी नळावर हांडा पुढेमागे करतात, तेवढंच बोलणं. मला अजून जीव नकोसा होईल इतकं एकटं वाटतं, ते मी लपवत नाही.

पण त्या हळदीकुंकवानंतर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ताई नेहमीप्रमाणे रिक्षा स्टँडवर उभ्या राहिल्या, तेव्हा मी त्यांची पिशवी हातात घेतली आणि त्यांना गावातून चालवत आणलं. काकी ओटीवर बसल्या होत्या. "ही कोन गं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या माहेरची," मी म्हणाले.