दोरीच्या अलीकडची डाळ

खरं तर हे कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं. परत येताना आत्यानं गाडीतच माझा हात धरला आणि म्हणाली, "गौरे, हे बाहेर फुटलं तर माझा धंदा बसला समज!" मी मुळातच कमी बोलते, त्यामुळे तिला माझी फारशी काळजी नव्हती. पण कमी बोलणाऱ्या माणसाला जास्त दिसतं. एकाच दुपारी इतके किस्से साठले, की वहीत उतरवल्याशिवाय अभ्यासात लक्ष लागेना.

लातूरच्या बाहेर नांदेड रोडवर नवीन रिसॉर्ट झालंय. तिथं फेब्रुवारीत बिअर आणि बर्बन, म्हणजे अमेरिकन व्हिस्की, यांच्या टेस्टिंगचा फेस्टिव्हल भरला. आत्या हरभऱ्याची मसाला डाळ करून विकते. मॅनेजरनं तिला स्टॉल लावायला बोलावलं. लोकांना डाळ आवडली, तर रिसॉर्टची कायमची ऑर्डर!

अडचण एकच होती, माझे आजोबा. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांची आडत आहे. घरात दारूचं नुसतं नाव निघालं तरी ते भरल्या ताटावरून उठतात. आणि आत्याच्या कढया आहेत आप्पांच्याच गोदामातल्या एका खोलीत. त्यांना कळलं असतं, तर खोलीला त्याच दिवशी कुलूप लागलं असतं. नशिबानं त्या रविवारी आप्पा उदगीरला पाहुण्यांकडे जाणार होते. आत्यानं त्यांना सांगितलं, "आम्ही औशाला लग्नाला जातोय."

\*

लग्न म्हटल्यावर लग्नासारखंच निघावं लागलं. आत्या जरीच्या इरकलीत, मी गजरा माळून, आणि डिकीत डाळीचे आठ डबे. रिसॉर्टच्या गेटवरचे काका आम्हाला बघून हात जोडून म्हणाले, "ताई, लग्न शेजारच्या कार्यालयात हाय!"

आत गेल्यावर एका बाईंनी माझ्या मनगटाला पिवळा पट्टा बांधला. लॉनच्या मधोमध दोरी होती. पलीकडं पिणारे, अलीकडं खाणारे. "पिवळ्या पट्ट्यानं दोरी ओलांडायची नाही," त्यांनी बजावलं. मला ओलांडायची नव्हतीच. दोरीजवळ बसूनच सगळं छान दिसत होतं.

\*

लॉन माणसांनी गच्च भरलेलं, पण रिसॉर्टचं पार्किंग मोकळं! मला कळेना, एवढे लोक आले कशानं? मग उलगडा झाला. ओळखीच्या कुणी गाडी बघू नये म्हणून सगळ्यांनी गाड्या शेजारच्या मंगल कार्यालयात लावल्या होत्या. नवरदेवाच्या गाडीला आत शिरायला जागा राहिली नव्हती.

नवरीच्या मामांनी माईक हातात घेतला आणि गाड्यांचे नंबर वाचायला सुरुवात केली. इकडं सगळ्यांना ऐकू येत होतं, पण जागचं कुणी हललं नाही. पाच मिनिटं वाट पाहून मामा म्हणाले, "आता मी नंबर वाचत न्हाई. गाड्या मला वळखू येतात. आता नावं वाचतो!"

दोन मिनिटांत अर्धं लॉन रिकामं झालं.

\*

चाखायला प्रत्येकाला अगदी छोटा ग्लास मिळत होता. निलंग्याचे एक ऊसवाले पाटील पहिल्यांदाच आले होते. काउंटरवरच्या मुलीनं ग्लास भरण्यासाठी बाटली वाकडी केली, तर यांनी उजव्या हाताचा द्रोण करून पुढं केला! तिनंही गोंधळून हातावरच दोन थेंब घातले. पाटील ते प्यायले आणि ओला हात त्यांनी डोक्यावरून फिरवला.

सोबतचे मित्र हसून हसून खाली बसले. पाटील वरमून म्हणाले, "अरे, एवढंसंच दिल्यावर हात आपोआप तसाच होतो की!"

\*

बर्बनच्या टेबलावर एक पुण्याचे गृहस्थ माहिती सांगत होते. बर्बन मुख्यतः मक्यापासून करतात, म्हणून त्यांनी समोर मक्याच्या दाण्यांची बरणी मांडली होती. मागं लाकडी पिंप.

मोंढ्यातले एक तूरवाले शेठ सगळं शांतपणे ऐकून घेत होते. ग्लास पुढं आला तसा त्यांनी परत केला. "वरचा माल दाखवू नका. वरचा सगळेच चांगला ठेवतात. तळातला काढा!"

"सर, पिंपात खाली-वर असं काही नसतं."

"असं सगळेच म्हणतात," असं म्हणून शेठनी खिशातून पोत्यात खुपसून नमुना काढायची लोखंडी नळी काढली.

\*

आमचे गणिताचे सरही आले होते. मला बघून ते दोरीवरच थबकले. "गौरा! मी... डाळ घ्यायला आलो."

त्यांनी एक पाकीट घेतलं. थोड्या वेळानं आमची पुन्हा नजरानजर झाली. सर पुन्हा आले, पुन्हा एक पाकीट. असं सहा वेळा झालं. सातव्या वेळी मीच मान खाली घातली, नाहीतर सरांच्या घरी डाळीशिवाय काही शिजलं नसतं.

मला बोलायची लाज वाटते म्हणून सर रोज मला मुद्दाम फळ्यापुढं उभं करायचे. त्या सोमवारपासून त्यांनी माझं नाव घेतलेलं नाही.

\*

दुपारी चारच्या उन्हात माकडटोपी, काळा गॉगल आणि अंगभर शाल पांघरलेला एक माणूस बर्बनच्या टेबलाशी आला. ग्लासला त्यानं हात लावला नाही. बरणीतला मक्याचा एक दाणा उचलला, दाताखाली धरून कट्‌कन फोडला.

"ओला हाय," एवढंच म्हणाला. अर्धा दाणा शालीच्या आत खिशात टाकला, आमच्या स्टॉलपुढच्या गर्दीकडं बराच वेळ बघत उभा राहिला आणि निघून गेला.

पुण्याचे गृहस्थ बरणीचं झाकण उघडून आत बघत राहिले.

\*

पाच वाजता मॅनेजर आले. आमचे सात डबे रिकामे झाले होते, तरी त्यांचं तोंड वाकडंच. "ताई, डाळ फार तिखट आहे. लोक मूठभर खातात आणि लगेच उठून जातात."

आत्याचा चेहरा पडला. तिचे हात पदराशी चाळा करायला लागले. मग मला काय झालं कुणास ठाऊक, मी उभी राहिले.

"सर, ते उठून घरी जात नाहीत. दोरीच्या पलीकडं जातात. मी दुपारपासून बघायलेय."

मॅनेजरनी दोरीकडं बघितलं. तेवढ्यात निलंग्याच्या पाटलांनी डाळीचा बकाणा भरला, हाऽ हाऽ केलं आणि धावत बिअरच्या काउंटरला गेले.

"महिन्याला शंभर किलो पाठवा," मॅनेजर म्हणाले. "आणि तिखट अजिबात कमी करू नका! ही मुलगी काय करते?"

आत्या म्हणाली, "नववीत हाय!"

\*

पण एका खोलीत शंभर किलो डाळ होणार कशी? गोदामातली शेजारची खोली हवी होती, आणि ती मागायची तर कारण सांगावं लागणार. आत्या दोन दिवस नीट जेवली नाही.

मंगळवारी सकाळी आप्पा पूजा आटोपून आले. कमरेच्या करगोट्याची किल्ली सोडली आणि आत्यापुढं ठेवली. "शेजारची खोली घे. लागंल तुला." चप्पल घालून मोंढ्यात निघून गेले. आत्या किल्लीकडं बघतच राहिली. तिनं तर अजून तोंडही उघडलं नव्हतं!

आप्पांचे सदरे मशीनमध्ये टाकायच्या आधी खिसे झाडायचं काम माझं आहे. चावून पारखलेला दाणा ते कधी खाली टाकत नाहीत, खिशात ठेवतात. रोज सोयाबीन, तूर, नाहीतर हरभरा निघतो. आमच्या आडतीवर मका येत नाही.

त्या दिवशी मक्याचा दाणा निघाला. अर्धा.

तो माझ्या कंपासपेटीत आहे. आत्याला अजून दाखवलेला नाही. पण आज धीर करून मी आप्पांना विचारणार आहे, की त्या रविवारी उदगीरला... थांबा, तेच हाक मारायलेत. "गौरे! माझ्या सदऱ्याचे खिसे कोण झाडलं गं? इकडं ये आधी!" "आले आप्पा, आले!" आता मी जाऊन त्यांना सरळ सांगते, की तुमच्या खिशात...